चारशे वर्षं किनाऱ्यावर, तीस वर्षांत अख्खा खंड: नेमकं बदललं काय?

फळाखडू

नमस्कार मंडळी,

मी शाळेत इतिहास शिकवते. परवा नववीच्या वर्गात साम्राज्यवादाचा पाठ चालू होता. फळ्यावर नेहमीची तीन कारणं लिहिली: कारखान्यांना कच्चा माल हवा होता, तयार मालाला बाजारपेठ हवी होती, साठलेल्या भांडवलाला जागा हवी होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, मघाशी तुम्ही सांगितलंत की पोर्तुगीजांनी घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला १४८२ साली बांधला. म्हणजे चारशे वर्षं ही माणसं आफ्रिकेच्या दारात बसून होती. मग सगळी घाई शेवटच्या तीस वर्षांतच का झाली?"

औद्योगिक क्रांती, असं मी सांगितलं. पण घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच पुरेना. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या अठराव्या शतकाच्या अखेरीपासून धडधडत होत्या. तरी १८७० पर्यंत आफ्रिकेचा जेमतेम दहावा हिस्सा युरोपियनांच्या हातात होता. १९१४ मध्ये फक्त इथिओपिया आणि लायबेरिया उरले. मधल्या काळात काय घडलं?

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. इतक्या थोड्या माणसांनी इतका मोठा मुलूख ताब्यात ठेवला कसा? आणि त्याचं आज काय उरलं आहे? हिंदुस्थानची उदाहरणं आपल्याला पाठ असतात, म्हणून इतर देशांबद्दल लिहिलंत तर वर्गात जास्त उपयोगी पडेल.

नाडीपरीक्षा

बाई, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर डासाच्या पोटात आहे.

पश्चिम आफ्रिकेला 'गोऱ्या माणसाचं थडगं' म्हणत, आणि ते अक्षरशः खरं होतं. १८४१ साली ब्रिटनने नायजर नदीतून वर मोहीम पाठवली. गेलेल्या गोऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसं तापाने मेली. १८५४ मध्ये विल्यम बेकी नावाच्या डॉक्टरने त्याच नदीतून 'प्लीएड' ही आगबोट नेली. त्याने माणसांना ताप येण्याची वाट न पाहता आधीपासूनच रोज क्विनाइन दिलं. हिवतापाने एकही माणूस दगावला नाही. माझ्या मते आफ्रिकेचा आतला दरवाजा त्या वर्षी उघडला.

आता हे क्विनाइन आलं कुठून ते पाहा. सिंकोनाचं झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. त्याचं बी बाहेर जाऊ नये म्हणून तिथली सरकारं धडपडत होती. मान्वेल मामानी नावाच्या बोलिव्हियातल्या स्थानिक माणसाने उत्तम जातीचं बी गोळा करून चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला पोचवलं. ते १८६५ मध्ये डचांनी विकत घेतलं, जावामध्ये लावलं, आणि पुढे जगातलं बहुतेक क्विनाइन जावातूनच यायला लागलं. मामानीला पकडून इतकी मारहाण झाली की त्यातच तो गेला. एका खंडाची साल दुसऱ्या खंडात पिकवून तिसरा खंड जिंकला गेला. मी रोज हिवतापाचे रुग्ण तपासत होतो त्या काळात हे वाचलं, आणि त्यानंतर त्या गोळीकडे पूर्वीच्या नजरेने बघू शकलो नाही.

गलबत

डॉक्टरसाहेब, दंडवत. त्यात माझी भर.

मी आयुष्यभर जहाजावर नोकरी केली, त्यामुळे मला यात आधी पाणी दिसतं. शिडाचं जहाज किनाऱ्यावर दादागिरी करू शकतं, नदीत ते लंगडं. वारा नसला की संपलं. वाफेवर चालणारी, लोखंडी, उथळ तळाची बोट आली आणि नद्या म्हणजे हमरस्ते झाले. ईस्ट इंडिया कंपनीची 'नेमेसिस' पाच-सहा फूट पाण्यात चालायची. पहिल्या अफू युद्धात तिने चीनच्या नद्यांमध्ये शिरून जो धुमाकूळ घातला, त्याला चिनी शिडाच्या युद्धनौकांकडे उत्तर नव्हतं.

ते युद्ध कशासाठी झालं, तर ब्रिटनला चीनच्या चहाचे पैसे चांदीत मोजावे लागू नयेत म्हणून हिंदुस्थानात पिकवलेली अफू तिथे खपवायची होती. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली. त्याने व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्रही लिहिलं होतं, की तुमच्या देशात जे विष चालू देत नाही ते आमच्याकडे का पाठवता. उत्तरादाखल तोफा आल्या. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली आणि वर २ कोटी १० लाख चांदीच्या डॉलरांची भरपाई.

बाई, तुम्ही इतर देशांबद्दल मागितलंत, पण हा तुकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो तह ज्या जहाजावर झाला ते 'कॉर्नवॉलिस' मुंबईच्या गोदीत, आपल्या सागवानाचं, वाडियांच्या कारागिरांनी बांधलेलं होतं. अफू हिंदुस्थानची, जहाज मुंबईचं, सैन्यातही हिंदी शिपाई. आपण फक्त भोगलेलं नाही, आपले हातही त्यात वापरले गेले.

कुतूहल

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: बर्लिनच्या परिषदेत नकाशावर पट्टी ठेवून आफ्रिका वाटून घेतली असं आम्ही शिकलो. मग घाईचं कारण तेच नाही का?

उलटतपासणी

कुतूहल, ते अर्धवट शिकवलं जातं. बर्लिनची परिषद नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ अशी चालली, १४ राष्ट्रं होती, आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता, इथपर्यंत खरं. पण तिथे खंडाची वाटणी झाली नाही. तिथे नियम ठरले: काँगो आणि नायजर नद्यांवर व्यापार कसा चालेल, आणि किनाऱ्यावर नवा हक्क सांगायचा तर प्रत्यक्ष ताबा दाखवावा लागेल. सरळ रेघा बहुतेक नंतर, दोन-दोन देशांनी आपसात करार करून मारल्या. 'ताबा दाखवा' या नियमाने मात्र शर्यत पेटली, कारण जो आधी झेंडा रोवेल त्याचं खरं.

आता डॉक्टर आणि गलबत यांच्याशी थोडा वाद. हातात कोयता आला म्हणून कुणी शेजाऱ्याचं शेत कापत नाही, आधी मनात यावं लागतं. क्विनाइन १८५४ चं, आगबोटी त्याहून जुन्या, आणि धाव सुरू झाली १८८० च्या सुमारास. मधली पंचवीस वर्षं कुठे गेली?

माझं उत्तर: १८७३ पासून युरोपात दीर्घ मंदी आली, किमती घसरत राहिल्या. जर्मनीने १८७९ मध्ये आयातीवर जकात वाढवली, फ्रान्सने १८९२ मध्ये. ब्रिटनची कारखानदारीतली मक्तेदारी संपली. सगळे दरवाजे बंद होताहेत या भीतीपोटी प्रत्येक जण उरलेल्या मोकळ्या दारात पाय घालू लागला. त्या जमिनीत काय आहे हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. शेजाऱ्याला मिळू नये एवढं पुरेसं होतं.

आणि फळ्यावरचं तिसरं कारण, जादा भांडवलाचं, मला तपासूनच घ्यावंसं वाटतं. इंग्रज अर्थतज्ज्ञ हॉब्सन यांनी ते १९०२ मध्ये मांडलं, पुढे लेनिनने उचललं. पण १९१४ पर्यंत ब्रिटनने परदेशात जे भांडवल गुंतवलं त्यातलं निम्म्याहून जास्त साम्राज्याच्या बाहेर होतं. अमेरिकेत, अर्जेंटिनात. नव्याने जिंकलेल्या उष्णकटिबंधी आफ्रिकेत त्यातला अगदी छोटा भाग गेला.

जमाखर्च

उलटतपासणी, तुमचा आकडा मान्य, निष्कर्ष अमान्य. भांडवल सगळीकडे सारखं गेलं नाही हे खरं. पण जिथे ते अडकलं तिथे काय झालं हे बघायचं असेल तर इजिप्त बघा. मी हिशेब तपासणीचं काम करतो. इजिप्तची गोष्ट मी इतिहास म्हणून कमी आणि ताळेबंद म्हणून जास्त वाचली आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरचा कापूस थांबला आणि इजिप्तच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. (वऱ्हाडातही त्याच काळात तेच झालं.) इजिप्तच्या राज्यकर्त्याला, खेदिव्ह इस्माईलला, वाटलं, हे दिवस कायमचे. त्याने रेल्वे, कालवे, शाळा, राजवाडे, सुएझ कालवा, सगळ्यासाठी लंडन-पॅरिसमधून कर्जं उचलली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जं तशीच राहिली. मग जुनं फेडायला नवं. १८७३ चं कर्ज कागदावर ३ कोटी २० लाख पौंडांचं होतं. दलाली, कटौती, सगळं वजा होऊन हाती आले साधारण २ कोटी, आणि व्याज मात्र ३ कोटी २० लाखांवर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन व्याजाचा खरा दर काढून बघितला होता. कुठल्याही सावकाराने लाजावं असा तो होता.

१८७५ मध्ये इस्माईलने सुएझ कालव्यातले आपले सगळे भाग, म्हणजे कंपनीचा सुमारे ४४ टक्के हिस्सा, ब्रिटनला ४० लाख पौंडांना विकले. १८७६ मध्ये कर्जाचा बोजा ९ कोटी पौंडांच्या आसपास गेला आणि देश दिवाळखोरीत निघाला. मग धनकोंचं एक मंडळ कैरोत येऊन बसलं. पुढे १८८० मध्ये कायदाच झाला, की देशाच्या महसुलातला जवळपास निम्मा भाग आधी कर्जफेडीला, उरेल त्यात राज्य चालवा. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर बसवलं होतं. त्यातूनच कर्नल उराबीचं बंड उभं राहिलं, 'इजिप्त इजिप्शियनांसाठी' म्हणत. जुलै १८८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, सप्टेंबरात तेल अल-कबीरला उराबीचा पराभव झाला. ताबा 'तात्पुरता' आहे असं तेव्हा जाहीर केलं गेलं.

म्हणून माझं म्हणणं, बाई: वर्गात तोफांच्या आधी कर्जरोखे शिकवा. तोफ शेवटी आली, वसुलीला.

मुंगीपाऊल

जमाखर्च +१. जमीन गहाण, मग शेत सावकाराचं, तसंच. फक्त इथे शेत म्हणजे अख्खा देश.

गलबत

मी सुएझमधून कितीतरी वेळा गेलो आहे. दोन्ही बाजूंना वाळू, मध्ये जहाजांची रांग. तरुणपणी एका इजिप्शियन पायलटने मला विचारलं होतं, "हा कालवा कुणी खणला, माहीत आहे?" मी कालव्याची कंपनी काढणाऱ्या फ्रेंच लेसेप्सचं नाव घेतलं. तो म्हणाला, "माझ्या पणज्याने, फावड्याने, वेठीला धरून." त्यानंतर मी कुठल्याही बांधकामाला एकाच बड्या माणसाचं नाव देताना थबकतो.

सरळरेघ

चर्चा चांगली चालली आहे, पण थोडी एकांगी होते आहे. रेल्वे, तारायंत्र, कायदा, रुग्णालयं, इंग्रजी शिक्षण हे कुणी आणलं? इस्माईलने कर्ज काढलं ते त्याच्या चुकीने. आफ्रिकेतल्या लोबेंगुला राजापासून चीनच्या बादशहापर्यंत अनेकांनी स्वतः सह्या केल्या. सह्या करायच्या आणि मग फसवलं म्हणायचं, हे मला पटत नाही.

रानवाट

सरळरेघ, सह्यांचा विषय काढलात ते बरं केलंत.

आजच्या झिम्बाब्वेतला मातबेले राजा लोबेंगुला. ३० ऑक्टोबर १८८८ ला खाणमालक सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी त्याच्याकडून खाणींचे हक्क घेतले. बदल्यात महिना १०० पौंड, १,००० रायफली, एक लाख काडतुसं आणि झांबेझी नदीवर एक आगबोट. दहाहून जास्त गोरे येणार नाहीत आणि ते राजाचे कायदे पाळतील, असं त्याला तोंडी सांगण्यात आलं. ती अट लेखी करारात नव्हती. राजाला लिहिता-वाचता येत नव्हतं, दुभाषी मिशनरी होता. फसवणूक कळल्यावर लोबेंगुलाने करार नाकारला, १८८९ मध्ये त्याचे दोन दूत थेट व्हिक्टोरिया राणीच्या भेटीला लंडनला पोचले. त्याच वर्षी ऱ्होड्सच्या कंपनीला तो मुलूख चालवायची ब्रिटिश सनद मिळाली. १८९३ मध्ये मॅक्सिम तोफांनी, म्हणजे मशीनगननी, त्याचं सैन्य कापून काढलं.

इथिओपियाचं बघा. १८८९ चा वुचाले तह दोन भाषांत होता. अम्हारिकमध्ये कलम १७ म्हणत होतं, सम्राट मेनेलिकला हवं असेल तर परराष्ट्र व्यवहारासाठी तो इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियनमध्ये तेच बंधनकारक. इटलीने युरोपात जाहीर करून टाकलं की इथिओपिया आमच्या संरक्षणाखाली आहे. मेनेलिकने तह झुगारला, आधुनिक बंदुका जमवल्या आणि १ मार्च १८९६ ला अडोवाच्या लढाईत इटलीचा धुव्वा उडवला. त्याच्याकडे आपल्या भाषेतली प्रत होती आणि ती वाचून दाखवण्याची ताकदही होती. लोबेंगुलाकडे यातलं काहीच नव्हतं.

आता बाईंचा दुसरा प्रश्न: थोड्या माणसांनी मुलूख ताब्यात कसा ठेवला? मी काही वर्षं नैरोबीत नोकरीला होतो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ब्रिटिशांच्या काळातलं पहिलं काय आठवतं विचारलं तर लढाई सांगत नाहीत, 'झोपडीपट्टी' सांगतात. म्हणजे वस्ती नव्हे, झोपडीवरचा कर. प्रत्येक झोपडीमागे वर्षाला अमुक इतका कर, आणि तो नाण्यांतच द्यायचा. शेळी, धान्य चालणार नाही. नाणी कुठे मिळतात? गोऱ्याच्या मळ्यावर किंवा खाणीत मजुरी केली तर. ज्या माणसाकडे जमीन आहे, गुरं आहेत, त्याला पैशाची गरजच नाही, त्याला कामावर आणायचं कसं, या प्रश्नाचं हे उत्तर होतं. चाबूक न उगारता माणूस शंभर मैल चालत मळ्यावर येतो. १९२० पासून केनियात आफ्रिकी पुरुषांना 'किपांडे' बाळगावं लागे. ओळख, बोटांचे ठसे, मालकाच्या नोंदी असलेला कागद, धातूच्या डबीत घालून गळ्यात. आजोबांची डबी एका सहकाऱ्याने मला दाखवली होती. घरच्यांनी ती फेकली नाही, आणि गळ्यात घालून बघायची हिंमतही कुणी केली नाही.

मुंगीपाऊल

ती डबी डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

उलटतपासणी

रानवाट यांच्या मुद्द्याला जोड. कर घेऊनच थांबले नाहीत, पीकही ठरवून दिलं. जर्मन पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, गावागावांत सक्तीने कापूस लावायला लावला. जुलै १९०५ मध्ये मातुंबी टेकड्यांतल्या लोकांनी पहिली कृती केली ती कापसाची रोपं उपटण्याची. 'माजी' म्हणजे पाणी. मंत्रलेल्या पाण्याने गोळ्यांचं पाणी होईल या विश्वासावर वेगवेगळ्या जमाती एकत्र आल्या, म्हणून 'माजी माजी' उठाव. जर्मनांनी पिकं जाळली, कोठारं रिकामी केली. किमान ७५ हजार माणसं मेली, काही अभ्यासक तीन लाखांपर्यंत जातात, आणि बहुतेक उपासमारीने.

मी वर 'कुणालाच माहीत नव्हतं जमिनीत काय आहे' असं लिहिलं. घाईच्या कारणापुरतं ते खरं आहे. पण एकदा ताबा आला की खर्च भरून काढायचा म्हणून जमीन आणि माणसं दोन्ही पिळली गेली. जमाखर्च यांचा मुद्दा मी त्या अर्थाने मान्य करतो.

कुतूहल

धागा कापसावर आला, म्हणजे आता खरा धागा झाला!

रेल्वेचं मात्र कुणी उत्तर दिलं नाही. सरळरेघ यांचा प्रश्न मलाही पडतो.

जमाखर्च

देतो. हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. फायदा झाला तर भागधारकाचा, तोटा झाला तर इथल्या करदात्याचा. मग खर्च जपून कोण करणार? इंजिनं, रूळ बहुतेक ब्रिटनमधून. आणि मार्ग बंदराकडे धावणारे.

याच्या शेजारी जपान ठेवा. १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा पहिली रेल्वे झाली तीही इंग्रज इंजिनियर बोलावून आणि लंडनमध्ये कर्ज काढूनच. पण निर्णय जपानचा होता, काम शिकून झालं तसे पाहुणे परत पाठवले आणि पुढे इंजिनंही स्वतः बनवायला लागले. रूळ तेच, वाफ तीच. सही करणारा हात कुणाचा होता, एवढाच फरक. रेल्वे मिळण्यासाठी राज्य गमवावं लागतं हे गृहीतक जपानने खोटं पाडलं.

पूर्वरंग

जपानचं नाव निघालं म्हणून लिहायला आलो. ती गोष्ट इथेच थांबवली तर अर्धीच राहील.

१८५३ मध्ये अमेरिकेचा पेरी युद्धनौका घेऊन एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागरात आला आणि दरवाजा उघडायला लावला. १८५८ चे असमान तह झाले: परदेशी माणसावर जपानी कायदा चालणार नाही, जकात जपानने स्वतः ठरवायची नाही. हा अपमान जपान्यांना जिव्हारी लागला. आणि १८७५ मध्ये, फक्त बावीस वर्षांनी, जपानने आपली युद्धनौका कोरियाच्या कांगह्वा बेटापाशी नेली, गोळीबार ओढवून घेतला आणि १८७६ मध्ये कोरियावर असाच तह लादला. बुसान धरून तीन बंदरं उघडा, जपानी माणसावर कोरियाचा कायदा नाही. शब्दसुद्धा ओळखीचे. १८९५ मध्ये तैवान घेतलं, १९१० मध्ये कोरिया पूर्ण गिळला.

म्हणजे हा गोऱ्या कातडीचा किंवा एका धर्माचा स्वभाव म्हणता येत नाही. कारखाना, आरमार आणि 'आपण मागे पडू' ही भीती एकत्र आली की आशियातल्या देशानेही तेच केलं.

सरळरेघ

जमाखर्च आणि पूर्वरंग, जपानचं उदाहरण माझ्या डोक्यात नव्हतं. रेल्वेबद्दलचं मत मला पुन्हा तपासावं लागेल. सह्यांबद्दलही, लोबेंगुलाचे दूत लंडनला गेले होते हे मला माहीत नव्हतं.

तरी एक म्हणेन. राज्यकर्त्या देशांतलीच माणसं याविरुद्ध उभी राहिली, त्यांची नोंद व्हायला हवी.

दूरदेशी

सरळरेघ, ती नोंद मी करते. मी ब्रसेल्सजवळ राहते.

राजा दुसरा लिओपोल्ड १८८५ ते १९०८ काँगोचा खासगी मालक होता. बेल्जियम देश नव्हे, तो स्वतः. काँगोत त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला, रबराची मागणी भडकली आणि काँगोच्या जंगलात रानटी रबराच्या वेली होत्या. गावाला रबराचा कोटा ठरवून दिला जाई, बायका ओलीस ठेवल्या जात, कोटा भरला नाही तर गोळी. शिपायांनी काडतुसं शिकारीवर उधळू नयेत म्हणून प्रत्येक काडतुसामागे कापलेला हात पुरावा म्हणून आणायचा असे. मग जिवंत माणसांचेही हात कापले गेले.

हे उघडकीला आणलं एका कारकुनाने. एडमंड मोरेल लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत होता, अँटवर्पच्या धक्क्यावर त्याचं येणं-जाणं असे. त्याने नोंदवह्यांत पाहिलं: काँगोहून जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरून येतात, परत जाताना मात्र बंदुका आणि दारूगोळा. व्यापाराचा माल जातच नाही. म्हणजे इकडे येणाऱ्या रबराचे पैसे तिकडे कुणालाच मिळत नाहीत, म्हणजेच ही गुलामी आहे. जंगलात न जाता, फक्त आवक-जावक बघून त्याने हे ओळखलं. पुढे काँगोतला ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ मध्ये आला, मिशनरी ॲलिस हॅरिसने काढलेली छायाचित्रं जगभर फिरली, आणि १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. सोडण्याआधी त्याने काँगोच्या कारभाराची कागदपत्रं जाळून टाकायला लावली.

इथे टेरव्यूरेनला आफ्रिकेचं मोठं संग्रहालय आहे. लिओपोल्डने १८९७ मध्ये प्रदर्शनासाठी २६७ काँगोली माणसं आणून तिथल्या तळ्याकाठी 'गाव' म्हणून मांडली होती. त्यातली सात जण त्या थंड उन्हाळ्यात मरण पावली. गावातल्या चर्चच्या आवारात त्यांच्या थडग्यांची ओळ आहे. माझ्या मुलीला घेऊन गेले होते. ती सात नावं तिने मोठ्याने वाचली आणि विचारलं, "यांना घरी का नाही नेलं?" मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

नाडीपरीक्षा

दूरदेशी ताई, वाचून सुन्न झालो. परिणामांकडे वळायचं तर याच देशापासून सुरुवात करावी लागेल. ३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र झाला तेव्हा पश्चिम युरोपाएवढा तो प्रचंड देश चालवायला काँगोली पदवीधर वीससुद्धा नव्हते. तांबं, रबर, हिरे बाहेर काढण्यासाठी जेवढं शिक्षण लागतं तेवढंच दिलं होतं.

रानवाट

आणि सीमा, आणि एकाच पिकावर उभी केलेली अर्थव्यवस्था. सेनेगलला भुईमूग, घानाला कोको. भाव लंडन किंवा पॅरिसला ठरणार. १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी राष्ट्रांनी ठराव केला की वारशाने आलेल्या सीमा तशाच ठेवायच्या. त्या न्याय्य आहेत असं त्यांना वाटत होतं म्हणून नाही. एक रेघ हलवली तर सगळ्याच हलतील ही धास्ती होती.

माणसंही हलवली गेली. मोंबासाहून निघालेल्या युगांडा रेल्वेसाठी १८९६ ते १९०१ दरम्यान सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेले, अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले.

पूर्वरंग

मॉरिशसही विसरू नका. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले, तिथे साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली. त्यात कोकणातले मराठीही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात. करारावर अंगठा उमटवणाऱ्यांतल्या बहुतेकांना समुद्र किती मोठा आहे हे माहीत नव्हतं.

उलटतपासणी

पुन्हा कागदच. या धाग्यात आपण तोफांबद्दल जितकं बोललो त्याहून जास्त कागदांबद्दल बोललो आहोत: कर्जरोखा, दोन भाषांतला तह, कराची पावती, गळ्यातली डबी, मोरेलच्या नोंदवह्या, जाळलेली दप्तरं. मॅक्सिम तोफेचा धसका खराच होता. १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानला एका सकाळीत महदी या धर्मनेत्याच्या पंथाचे सुमारे दहा हजार लोक पडले आणि ब्रिटिश बाजूचे पन्नासच्या आत. पण ती एक सकाळ होती. पुढची पन्नास वर्षं कर गोळा करणाऱ्या कारकुनाने चालवली.

फळाखडू

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तास घेतला.

फळ्यावरची तीन कारणं मी पुसली नाहीत. त्यांच्यासमोर दुसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'तेव्हाच का?' त्यात क्विनाइन आणि आगबोट, १८७३ ची मंदी, जकातीच्या भिंती, शेजाऱ्याची धास्ती. मग इजिप्तचं कर्ज मुलांना गणित म्हणून घातलं: ३ कोटी २० लाखांवर व्याज, हाती २ कोटी, खरा दर काढा. गणितात मागे असलेल्या एका मुलाने सगळ्यात आधी उत्तर काढलं आणि जागेवरून ओरडला, "बाई, हे फिटणारच नाही!"

लोबेंगुलाचा करार दोन गटांना दिला. एका गटाला फक्त लेखी कलमं, दुसऱ्याला फक्त तोंडी आश्वासनं. मग त्यांना एकमेकांशी बोलायला लावलं. पाच मिनिटांत भांडण जुंपलं आणि ते मी मुद्दाम थांबवलं नाही.

मागच्या बाकावरची ती मुलगी तास संपल्यावर टेबलाशी आली. तिला घाईचं उत्तर पटलं, असं म्हणाली. पण आता तिचा नवा प्रश्न आहे: इजिप्तचं ते कर्ज शेवटी फिटलं कधी? जमाखर्च, हे तुमच्या खात्यातलं.

जमाखर्च

बाई, तिला शाबासकी द्या.

धनकोंचं ते मंडळ १८७६ मध्ये कैरोत बसलं ते १९४० मध्ये बरखास्त झालं. चौसष्ट वर्षं. इस्माईलला १८७९ मध्येच पदच्युत केलं होतं, तो १८९५ मध्ये इस्तंबूलला परागंदा अवस्थेत वारला. शेवटच्या वर्षांत ज्यांनी फेडलं त्यांतल्या बहुतेकांचा जन्मसुद्धा कर्ज काढलं तेव्हा झालेला नव्हता.

गलबत

आणि 'तात्पुरता' म्हणून १८८२ मध्ये उतरलेल्या ब्रिटिश फौजेतला शेवटचा शिपाई सुएझच्या तळावरून गेला जून १९५६ मध्ये. हेही तिला सांगा.